पिकअपचा एरियल घेताना

मालवाहू गाडीच्या एरियलवर व्यापाराच्या पानात लिहावे, असा हा विषय आहे का, असे आमच्या एका कापडवाल्या मित्राने विचारले. त्याचे म्हणणे असे की डिझेलवर लिहा, टोलवर लिहा, ई-वे बिलावर लिहा, रंगाई-छपाईच्या दरांवर लिहा. दोन-अडीचशे रुपयांच्या काडीवर काय लिहायचे? गेल्या पावसाळ्यापर्यंत आम्हीही त्याच मताचे होतो. त्यानंतर या काडीने आमचे जे नुकसान केले, त्याचा हिशोब मांडला तर व्यापारी बांधवांना तो वाचण्यासारखा वाटेल, अशी आमची समजूत आहे.

आमचा धंदा कापडाचा. भिवंडीच्या यंत्रमागांवरून ग्रे कापड उचलायचे, बोईसरला तारापूर औद्योगिक वसाहतीत रंगाईला टाकायचे आणि तयार माल पालघरच्या दुकानात आणायचा, काही परत भिवंडीला पोचवायचा. त्यासाठी दोन पिकअप आहेत. भिवंडी, वाडा, मनोर आणि तिथून एकीकडे चिल्हार फाट्यावरून बोईसर, दुसरीकडे मासवण आणि वाघोबा खिंडीतून पालघर, असा आमच्या गाड्यांचा रोजचा रस्ता. भिवंडीत माल मिळतो संध्याकाळी, त्यामुळे गाडी परत येते रात्री. चालक एकटा असतो. क्लीनर ठेवण्याइतका नफा आता या धंद्यात राहिलेला नाही, हे कापडवाल्यांना वेगळे सांगायला नको.

जुन्या गाडीवर डाव्या बाजूच्या खांबाला खेचायचा एरियल होता. एके दिवशी तो मुळापासून मोडला. चालक म्हणाला, "शेठ, काडी मी नाही मोडली, ताडपत्रीची दोरी अडकली." आम्ही ऐकले नाही. गाडी तुझ्या हातात, मोडली ती तुझ्या हातून, असे म्हणून तीनशे रुपये त्याच्या पगारातून कापले. नवा एरियल मात्र लगेच बसवला नाही. महिनाभराने एका दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "चाचा, आता काडी कोण लावतो? हे शार्क फिन घ्या, नव्या गाड्यांवर हेच येते." दिसायला सुबक, माशाच्या पराएवढे, काळे चकचकीत. टपावर चिकटवले. गाडी एकदम नवी वाटायला लागली. रेडिओवर मात्र पूर्वी खरखर होती, तीच आताही खरखर.

आता चालकाने काय करावे? त्याने मोबाइलवर गाणी लावायला सुरुवात केली. मोबाइल स्टिअरिंगजवळ टेकवलेला. एक गाणे संपले की दुसरे शोधायचे, मध्येच जाहिरात आली की ती बंद करायची, मध्येच नेटवर्क गेले की पुन्हा सुरू करायचे. जुलैच्या एका रात्री वाघोबा खिंडीच्या वळणावर त्याची नजर मोबाइलवर होती आणि समोरून मोटारसायकल आली. त्याने गाडी बाजूला घेतली ती थेट गटारात. माणसे वाचली, हे आमचे नशीब. मोटारसायकलवर नवरा-बायको आणि मधे लहान मूल होते, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळले, आणि त्या दिवशी आम्हाला दुकानात बसवेना. माल भिजला. ग्रेवर गटाराच्या पाण्याचे डाग पडले. काही ताके फेरधुलाईला गेले, काही गडद रंगात बुडवून काढले, काही चिंध्यांच्या भावाने गेले. त्या रकमेत कितीतरी एरियल आले असते!

कायदाही आम्ही नंतर वाचला. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने गाडी चालवताना हातात मोबाइल वापरणे हे धोकादायक वाहन चालवणे ठरवले आहे. म्हणजे चालकाने गुन्हा केला. परंतु त्याला त्या गुन्ह्याकडे ढकलले कोणी? त्याच्या हाताशी असलेला रेडिओ आम्हीच मुका करून ठेवला होता.

रेडिओ ही मालवाहू गाडीत चैन आहे, असे पुष्कळ मालक समजतात. गाडी घेताना म्युझिक सिस्टिम नको, तेवढे पैसे कमी करा, असे आम्हीच शोरूममध्ये बोललो आहोत. आमच्या लहानपणी रेडिओला टपाल कचेरीचे लायसन्स लागत असे. ऐंशीच्या दशकात ते बंद झाले, पण रेडिओ म्हणजे मालकाच्या दिवाणखान्यातली वस्तू ही कल्पना मनातून गेली नाही. रात्री अकराला विविध भारतीवर 'बेला के फूल' लागते तेव्हा आम्ही झोपलेलो असतो. आमचा चालक तेव्हा वाड्याच्या पुढच्या अंधारात असतो. रेडिओचे एक वैशिष्ट्य असे की त्याला हात लावावा लागत नाही. एकदा स्टेशन लावले की निवेदक बोलत राहतो, गाणी लागत राहतात, नजर रस्त्यावर राहते. जागे राहण्यासाठी माणसाच्या आवाजाइतके दुसरे काही नाही, असे आमचा चालक सांगतो. तो रात्री गाडी चालवतो, आम्ही चालवत नाही, म्हणून या बाबतीत त्याचा शब्द आम्ही प्रमाण मानतो.

कामाची बाजूही आहे. अहमदाबाद महामार्गावर २०२४ मध्ये काँक्रिटीकरणाचे काम चालले, तेव्हा गाड्या तासन्‌तास अडकत होत्या. घोडबंदरला किंवा वसईच्या खाडीपुलाजवळ कोंडी झाली की मुंबईच्या एफएमवर बातमी येते. ती ऐकून चालक चिंचोटीचा रस्ता सोडून वाड्याचा रस्ता धरतो, दोन तास वाचतात. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आले, तेव्हा आमच्या किनाऱ्यावर वीज गेली, मोबाइल चार्ज करायची सोय उरली नाही. गाडीची बॅटरी आणि गाडीचा रेडिओ मात्र चालू होता. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. त्याच्या शेजारी रसायनांचे कारखाने आहेत, जानेवारी २०२० मध्ये त्यांपैकी एकात स्फोट होऊन माणसे गेली. अशा भागात राहणाऱ्याला बातमी मिळण्याचा एक मार्ग इंटरनेटशिवायही असला पाहिजे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मोबाइल बनवणाऱ्यांना एफएमची सोय बंद करू नका, असे सांगितले, त्यामागेही आपत्तीच्या वेळचा हाच विचार होता. मोबाइलमध्ये एफएम असला, तरी बहुतेक वेळा इअरफोनची वायर जोडावी लागते, कारण ती वायरच एरियलचे काम करते. गाडी चालवताना कानात वायर घालून बसणे आम्हाला मान्य नाही. मागच्या ट्रकचा हॉर्न ऐकू आला पाहिजे.

गटाराच्या प्रसंगानंतर आम्ही या काडीचा अभ्यास केला. बोईसरला गाड्यांच्या वायरिंगचे काम करणारे एक वयस्कर मिस्त्री आहेत, त्यांच्या बाकड्यावर दोन दुपारी बसलो. थोडे शाळेतलेही आठवले. आम्ही उर्दू माध्यमात शिकलो. आमच्या विज्ञानाच्या पुस्तकात लहरीला 'मौज' म्हणत आणि लहरीच्या लांबीला 'तूल-ए-मौज'. मराठीत मौज म्हणजे मजा, त्यामुळे पालघरच्या कॉलेजात गेल्यावर तरंगलांबी हा शब्द कळेपर्यंत आमची बरीच चेष्टा झाली. असो. मुद्दा असा की एफएमची लहर सुमारे तीन मीटर लांब असते. १०० मेगाहर्ट्झवर बरोबर तीन मीटर, त्याच्या खालच्या स्टेशनांना थोडी जास्त, वरच्यांना थोडी कमी. उभ्या काडीला ती चांगली पकडायची तर काडी लहरीच्या पाव भागाएवढी हवी, म्हणजे साधारण ७५ सेंटिमीटर. आमच्या भाषेत पाऊण मीटर. उरलेले अर्धे काम गाडीचा पत्रा करतो. काडी वर आणि पत्रा खाली, दोन्ही मिळून एरियल होतो. हे ज्याला कळले, त्याला एरियलच्या बाजारातले निम्मे कळले.

आता आमच्या भागाची अडचण पाहा. मुंबईत २००२ पासून खासगी एफएम सुरू झाले, आकाशवाणीचेही एफएम आहेत. एफएमची लहर जवळपास नजरेच्या रेषेत जाते, डोंगर आडवा आला की अडते. पालघर मुंबईपासून रेल्वेने नव्वद किलोमीटरच्या आसपास, बोईसर शंभराच्या पुढे. म्हणजे आम्ही मुंबईच्या स्टेशनांच्या अगदी काठावर बसलो आहोत. अंधेरीतल्या टॅक्सीला बोटभर काडी पुरते, कारण तिथे लहर भरपूर आहे. बोईसरला पोचेपर्यंत तिची रया गेलेली असते, म्हणून इथे काडी पूर्ण लांबीची लागते. मुंबईच्या दुकानदाराचा सल्ला तारापूरला लागू पडत नाही, तो याच कारणाने. दादरच्या गिऱ्हाइकासाठी केलेला रंग डहाणूच्या उन्हात टिकेलच, असे आम्ही कापडातही धरत नाही.

पूर्वी मीडियम वेव्ह हा आधार होता. त्या लहरी जमिनीला धरून लांब जातात, खिंडीतही ऐकू येतात. अलीकडच्या वर्षांत आकाशवाणीने मीडियम वेव्हचे बरेच जुने प्रक्षेपक बंद केले, त्यामुळे चालकांचा भरवसा आता एफएमवरच आहे. तारापूरच्या परिसरात उच्च दाबाच्या वीजवाहिन्यांचे जाळे आहे. त्यांच्याखालून जाताना मीडियम वेव्हवर घरघर येते, आणि ती कोणताही एरियल लावला तरी जाणार नाही. यासाठी दुकानदाराशी तकरार करू नये.

बाजारात काय मिळते? पहिला, खेचायचा एरियल, नळीत नळी. लांबी पुरेशी असते, काम उत्तम करतो. पण आमच्याकडे खारी हवा आहे. सातपाटी, नांदगाव, दांडीकडून येणारा वारा आणि त्यात वसाहतीतल्या आम्लाचा धूर. दोन पावसाळ्यांत नळ्या गंजून एकमेकींत अडकतात, सांध्यातला संपर्क जातो. काडी पूर्ण बाहेर दिसते आणि रेडिओ मात्र खरखरतो. आठवड्याला कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा हात फिरवला तर टिकतो, पण हे करतो कोण? आम्ही तरी केले नाही.

दुसरा, एकसंध काडीचा. आत तार, वर रबर किंवा काळे प्लास्टिक, बुडाला स्प्रिंग. फांदी लागली तर वाकतो आणि पुन्हा उभा राहतो. काडी आट्यांवर फिरवून निघते, त्यामुळे मोडली तर बैठक तशीच ठेवून फक्त काडी बदलता येते. किनाऱ्यावरच्या मालवाहू गाडीला हाच घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. घेताना जुनी काडी खिशात घालून दुकानात न्यावी. आट्या पाच मिलिमीटरच्याही असतात आणि सहाच्याही. एकाचे दुसऱ्यात जोराने बसवले की बैठकच फुटते आणि मग सगळे नवे घ्यावे लागते.

तिसरा, आखूड रबरी काडी, वीतभर लांब. आत तार गुंडाळलेली असते, म्हणून लांबी कमी दिसते. गुंडाळून लांबीची भरपाई पूर्ण होत नाही. शहरात चालते, काठावर चालत नाही. ताडपत्रीत अडकत नाही, गोदामाच्या शटरला लागत नाही, हा तिचा गुण खरा. ज्याची गाडी वसई-विरारच्या पुढे येत नाही, त्याने खुशाल घ्यावी.

चौथे, आमचे ते शार्क फिन. यात खरेही असते आणि खोटेही. खऱ्याच्या आत तार आणि आवर्धक असतो, खालून केबल निघते आणि त्यासाठी टपाला भोक लागते. खोटे नुसते प्लास्टिकचे कवच असते, दुहेरी चिकटपट्टीने बसते. ओळखायची खूण एकच: उलटे करून पाहा, खालून केबल निघत नसेल तर तो एरियल नव्हे. आम्ही कापडाचा ताका उलगडून, उजेडात धरून, पन्हा मोजून घेतो. एरियल घेताना मात्र वरचे चकचकीत पाहून पैसे दिले. दुकानदाराने आम्हाला फसवले, असे आम्ही काही दिवस म्हणत होतो. आम्ही त्याला एक प्रश्न विचारला असता तर तो फसवू शकला नसता, हेही तितकेच खरे. तरी शोभेची वस्तू एरियल म्हणून विकणे हे पॉलिस्टर मिसळलेले कापड सुती म्हणून विकण्यासारखेच आहे, हे आमचे मत कायम आहे.

पाचवा, काचेला आतून चिकटवायचा, पट्टीचा. भोक पाडायला नको, बाहेर काही नाही म्हणून चोरी नाही, मोडतोड नाही. याला स्वतःचा आवर्धक असतो, त्याला बारा व्होल्ट द्यावे लागतात. सेटच्या मागे बहुधा एक निळी वायर असते, ती यासाठी. ती जोडली नाही तर हा एरियल साध्या तारेपेक्षाही वाईट चालतो. आमच्या बाजारात बसवणारे पुष्कळदा तिकडे लक्षच देत नाहीत. पण ती जोडली तरी एक मर्यादा राहते. आवर्धक लहर मोठी करतो आणि तिच्याबरोबर खरखरही मोठी करतो. जी लहर पट्टीने पकडलीच नाही, ती तो कुठून आणणार?

एरियल बदलण्याआधी दोष एरियलचाच आहे का, हे पाहावे. हे आम्हाला मिस्त्रींनी पाच मिनिटांत दाखवले. सेटच्या मागून एरियलचा प्लग काढायचा आणि त्या खाचेच्या मधल्या भोकात पाऊण मीटर साधी वायर खोचायची. स्टेशने लागली तर सेट ठीक, दोष केबलचा किंवा काडीचा. मग मल्टिमीटर घ्यायचा. काडीच्या टोकापासून प्लगच्या मधल्या पिनेपर्यंत रस्ता मोकळा हवा. बैठकीच्या लोखंडापासून प्लगच्या बाहेरच्या कड्यापर्यंतही मोकळा हवा. मधली पिन आणि बाहेरचे कडे यांचा मात्र आपसात संपर्क नको. तो असेल तर केबलमध्ये पाणी शिरलेले आहे किंवा ती कुठे चेपली आहे. हे मोजमाप साध्या काडीचे आहे, आवर्धक असलेल्या एरियलला ते असे लागू होत नाही.

आवाजाचीही परीक्षा आहे. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की रेडिओत शिट्टी चढत जाते, ती अल्टरनेटरची किंवा सैल अर्थिंगची. मोबाइलचा स्वस्त चार्जर सॉकेटमध्ये घातला की खरखर सुरू होते आणि काढला की थांबते, तर दोष चार्जरचा. नवे एलईडी दिवे लावल्यावर सुरू झाली तर दिव्यांचा. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो, त्यामुळे ठिणगीचा टकटक आवाज डिझेल पिकअपमध्ये येत नाही. सीएनजीवर गाडी घेतलेल्या बांधवांनी मात्र प्लगच्या जुन्या वायरी तपासाव्यात. आमच्या धाकट्या पिकअपमध्ये सगळी खरखर दीडशे रुपयांच्या चार्जरची निघाली. तिथे आम्ही नवा एरियल घेऊन बसलो असतो तर आणखी एक मूर्खपणा नावावर जमा झाला असता.

बसवण्याचे काम घेण्याइतकेच महत्त्वाचे आहे. बैठकीच्या खालचा रंग आतल्या बाजूने खरवडून पत्रा उघडा करावा लागतो, नाहीतर काडीला पत्र्याची जोड मिळत नाही. बसवणारे घाईत हे करत नाहीत, वरून नट आवळतात आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतात. समोर उभे राहून करून घ्यावे. नट आवळून झाल्यावर वरून ग्रीसचा हात द्यावा, रबराची चकती नीट बसली आहे का ते पाहावे. केबल आत नेताना तिला एक झोळ खाली सोडावा, म्हणजे पावसाचे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडते, केबलवरून सेटमध्ये उतरत नाही. केबल अपुरी पडली तर घरात पडलेली टीव्हीची केबल जोडू नये. ती वेगळ्या जातीची असते, आणि मीडियम वेव्ह तर तिच्यात बरीच मरते.

राहिली जागा. आमची काडी डाव्या खांबावर होती. डावी बाजू म्हणजे रस्त्याच्या कडेची बाजू, वाड्याच्या रस्त्याला सगळ्या फांद्या त्याच बाजूने घासतात. आमचे हमालही माल भरल्यावर ताडपत्रीची पुढची दोरी डाव्या खांबाला वेढा देऊन ओढत. हे आम्ही स्वतः तेव्हा पाहिले, जेव्हा गटाराच्या प्रसंगानंतर एक दिवस भिवंडीला गाडीबरोबर गेलो. हमालाने दोरी टाकली, वेढा दिला, पाय लावून ओढली. मोडलेल्या एरियलचा खुंट अजून तिथे होता आणि दोरी नेमकी त्याच्यावरून गेली. चालक बाजूला उभा होता. तो काही बोलला नाही. आम्हीही त्या वेळी काही बोललो नाही.

चालकाच्या पगारातून मोडतोड कापण्याची पद्धत आमच्या धंद्यात सर्रास आहे. आरसा फुटला, काप. इंडिकेटर फुटला, काप. त्याचा परिणाम असा होतो की चालक मोडलेली वस्तू लपवतो. आज एरियल लपवतो, उद्या ब्रेकचा आवाजही सांगत नाही, कारण सांगितले की आपल्याच खिशातून जाईल, अशी त्याला धास्ती असते. दारू पिऊन गाडी ठोकली तर गोष्ट वेगळी. पण रोजच्या वापरात झिजणारी, मोडणारी वस्तू हा गाडीचा खर्च आहे, चालकाचा गुन्हा नव्हे. टायर झिजला म्हणून आम्ही त्याचा पगार कापतो का? चांगला चालक मिळणे किती अवघड झाले आहे, हे ज्याने महिनाभर गाडी उभी ठेवली आहे, त्याला विचारावे. वसाहतीतले कारखाने त्याच माणसाला आठ तासांची पाळी देऊन घेऊन जातात.

काही मालकांचे म्हणणे वेगळे आहे, आणि ते आम्ही उडवून लावत नाही. एका भिवंडीवाल्या व्यापाऱ्याने सांगितले की खर्च मालकाचा केला की निष्काळजीपणा वाढतो, त्यांच्याकडे वर्षात चार आरसे फुटले. त्यावर आमचे उत्तर एवढेच की चार आरसे एकाच ठिकाणी फुटले का, ते आधी पाहावे. गोदामाचे दारच अरुंद असेल तर चालक बदलूनही आरसे फुटतच राहतील. रेडिओमुळे लक्ष विचलित होते, असेही काहींचे मत आहे. मोठ्या आवाजात लावला तर होते, यात शंका नाही. म्हणून आम्ही आवाजाची मर्यादा ठरवली आहे: काच खाली असताना मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू आला पाहिजे. मोबाइल आता खणात राहतो. फोन आला तर गाडी बाजूला थांबवून घ्यायचा, उशीर झाला तर आम्ही बोलणार नाही, हे लेखी नव्हे पण चार माणसांसमोर सांगितले आहे.

नवी काडी उजव्या खांबावर बसवली, चालकाच्या खिडकीजवळ. पूर्ण लांबीची, बुडाला स्प्रिंग असलेली. काडी अडीचशेला पडली, बसवण्याचे शंभर मिस्त्रींनी घेतले आणि चहा त्यांनीच पाजला. हमालांना दोरीसाठी हौद्याच्या पुढच्या बाजूला दोन लोखंडी आकडे वेल्डिंग करून दिले. हे काम गाडी घेतली त्या दिवशीच व्हायला हवे होते. कापलेले तीनशे रुपये पुढच्या पगारात परत केले. चालकाने पैसे मोजले आणि म्हणाला, "शेठ, मी तेव्हाच सांगितलं होतं." आम्ही म्हणालो, "हो, सांगितलं होतंस."

आता मनोरच्या मस्तान नाक्यापर्यंत मुंबईची तीन-चार स्टेशने स्वच्छ लागतात. वाघोबा खिंडीत डोंगराआड एकदोन मिनिटे आवाज जातो, पालघरच्या उतारावर परत येतो. चिल्हार फाट्यावरून बोईसरकडे वळल्यावर मात्र एखादेच स्टेशन टिकते, तेही हवा स्वच्छ असेल तर. धाकट्या पिकअपचा चार्जर बदलला आहे, तिची आखूड काडी अजून तशीच आहे. तिचा चालक म्हणतो की मोठ्या गाडीला लांब काडी, मग आम्हाला का नाही? या रविवारी तिलाही बोईसरला मिस्त्रींकडे न्यायची आहे. जुनी काडी आम्ही आधीच आट्या मोजण्यासाठी काढून खिशात ठेवली आहे.